घड्याळजींचं भिंग

“महिन्याभरात एक तरी काम दाखव, नाहीतर मुकाट्याने नोकरीचा अर्ज भर,” असं बाबांनी बजावलं होतं. दुकानदारांसाठी व्हिडिओ बनवायला निघालेल्या लेकीला पहिलं काम मिळालं ते घड्याळजीकाकांच्या दुकानाच्या जाहिरातीचं. एरवी काकांची टकळी थांबत नसे. मोबाइल समोर धरला, की मात्र स्वारी खांबासारखी ताठ. सातव्यांदा अडखळल्यावर त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि सरळ तिच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर टेकवलं. “माझं थोबाड कशाला दाखवतेस, पोरी? मला काय दिसतं, ते दाखव की.” समोरच्या उघड्या घड्याळातलं मसुराएवढं चाक पडदाभर झालं, आधी नुसतंच थरथरलं, मग काकांचा चिमटा लागताच तालात झुलू लागलं. घरी बाबांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग कपाटातून लग्नातलं बंद घड्याळ काढून विचारलं, “यांचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?”