वीस मोजायचे, मग पान उलटायचं

“वाचता येतं म्हणजे काय साहेब, माझ्या दुकानात बसून अख्खं वर्तमानपत्र वाचून काढतो,” न्हावी म्हणाला. साक्षीसाठी त्यानं दुसऱ्या न्हाव्याकडून केस कापून घेतले होते आणि ते काही त्याला पटलेले नव्हते. बोलताना हात सारखा मानेवर जात होता. “दर रविवारी. नंबर येईपर्यंत एकेक पान, सावकाश. शेवटी घडी घालून म्हणणार, ‘काय दिवस आलेत!’ आता ज्याला जगाची एवढी काळजी, त्याला बिनडोक कसं म्हणायचं?”

मागच्या बाकांवर हसू फुटलं. आरोपीच्या पिंजऱ्यात बारक्याही हसला. सहा फुटांचा, एक्केचाळीस वर्षांचा बारक्या. आपलं कौतुक चाललंय, एवढं त्याला कळत होतं.

त्याची बहीण हसली नाही. गोदामाच्या रखवालदाराच्या खुनात बारक्या दोषी ठरून आठवडा झाला होता. बरोबरचे दोघं पळाले ते अजून सापडलेले नव्हते. आज ठरायचं होतं ते एवढंच, फाशी की जन्मठेप. बचावाच्या वकिलांनी तिला समजावलं होतं, “त्याची समज सहा-सात वर्षांच्या मुलाएवढी आहे हे न्यायाधीशांना पटलं, तर वाचेल. आणि ते तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.”

सरकारी वकील न्हाव्याचे आभार मानून वळले. “पोलिसांपुढचा जबाबसुद्धा यानं असाच वाचला, साहेब. पाच पानं. एकेक उलटून, शेवटी सही. आणि सही केल्यावर काय म्हणाला? ‘काय दिवस आलेत!’ एक माणूस मारून! ही समज कमी असल्याची खूण नाही, काळीज नसल्याची आहे. आता गळ्याशी आल्यावर वेडाचं सोंग.”

मग बहिणीच्या नावाचा पुकारा झाला. ती शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायची. भावाला ‘अर्धवट’ म्हटलं म्हणून ती शेजारणीशी सात वर्षं बोलली नव्हती, आणि सख्ख्या मावशीच्या लेकीच्या लग्नाला गेली नव्हती. आज तोच शब्द तिला शपथेवर उच्चारायचा होता. उभी राहिल्यावर तिनं आधी बारक्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलंय ना, ते पाहून घेतलं.

बचावाच्या वकिलांनी नातं विचारलं, वय विचारलं. पुढचं विचारायला ते जरा घुटमळले, तेवढ्यात सरकारी वकिलांनी मध्येच टाकलं, “बाई, एकच सांगा. तुमचा भाऊ सोंग करतोय की नाही?”

“करतोय,” ती म्हणाली.

बचावाच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

“पण वेडाचं नाही, साहेब. शहाण्याचं. बत्तीस वर्षं करतोय. मीच शिकवलंय.”

न्यायाधीशांनी मान वर केली. “म्हणजे?”

“लोक टवाळी करायचे, म्हणून मी त्याला वर्तमानपत्र धरायला शिकवलं. फोटोतल्या माणसांची डोकी वर. मनात वीस मोजायचे, मग पान उलटायचं. नुसतं वीसपर्यंत शिकवायला तीन वर्षं गेली. पानं संपली की घडी घालायची आणि ‘काय दिवस आलेत’ म्हणायचं. पुढं कुणी काही विचारलंच, तर मान हलवायची. लोकांना तेवढं पुरतं. मग ते आपणच बोलत सुटतात.”

न्हाव्यानं मानेवरचे केस झटकल्यासारखे केले.

“त्याला एक अक्षर येत नाही. सही येते, पण ती त्याच्या लेखी चित्र आहे. पोलिसांनी पानं हातात दिली, त्यानं मी शिकवलं तसं केलं. काही म्हणजे काही चुकला नाही. तो...” तिनं कठडा धरला. “तो अर्धवट आहे, साहेब.”

“ताई!” बारक्या एवढ्यानं ओरडला की दोन शिपाई धावले. “ताई, सांगायचं नाही ठरलंय ना! न्हावीदादा बसलाय तिथं!”

त्याचे डोळे भरून वाहत होते. सकाळपासून त्या खोलीत फाशी हा शब्द तेवीस वेळा उच्चारला गेला होता. त्यानं तेवढ्यासाठी एकदाही मान वर केली नव्हती.

“तालीम छान झालीय,” सरकारी वकील म्हणाले, पण स्वतःशीच.

साक्ष टाइप होऊन आली. नियमाप्रमाणे कारकुनानं एक प्रत आरोपीच्या हातात दिली. तीन पानं.

बारक्यानं बाहीनं डोळे पुसले. पहिल्या पानावर फोटो शोधला. नव्हता. त्यानं ताईकडे पाहिलं. ताईला खुणा करायची बंदी होती. मग हातात आली होती तशीच त्यानं ती पानं धरली, दोन्ही हातांनी, हातभर लांब.

पहिलं पान उलटलं तेव्हा नुसता पंखा ऐकू येत होता. दुसऱ्या पानाला कारकुनाचे ओठ हलायला लागले, मग शिपायाचे, मग मागच्या बाकांवरचे. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं होतं आणि त्यांचं एक बोट टेबलावर हलकेच पडत होतं. अठरा. एकोणीस. वीस.

पान उलटलं.

तिसरंही संपलं. बारक्यानं नीट घडी घातली, तोंड उघडलं, आणि त्याची नजर मागच्या बाकावरच्या न्हाव्याकडे गेली. त्यानं तोंड मिटून घेतलं. मान खाली घातली.

न्हाव्याचा हात मानेवरून खाली आला.

“काय दिवस आलेत,” तो म्हणाला.