तुळजाबाईंचं पथ्य

पडद्याआडून तुळजाबाईंचा हात बाहेर आला. दस्तगीर हकिमांनी मनगटावर तीन बोटं टेकवली आणि डोळे मिटले. शेजारी बसलेले अर्जुनराव देशमुख श्वास रोखून बघत राहिले.

बायकोला मधुमेह असल्याचं हकिमांनी सांगितलं त्याला सहा वर्षं झाली होती. त्याआधी अर्जुनरावांचे थोरले बंधू मोहनराव याच आजारानं पाय सडून वारले. औषधाच्या वाट्या त्यांनी अंगणात भिरकावल्या होत्या. अर्जुनरावांचाही खाक्या तोच. जिवंत आहे तोवर कुणा हकिमाला नाडी दाखवणार नाही, असं ते मिशीला पीळ देऊन साऱ्या धारूरला ऐकवत. पण तुळजाबाईंचं दुखणं निघालं की या वाघाची पार शेळी व्हायची. ती गेली तर आपलं कसं होणार, ही धास्ती त्यांना झोपू देत नसे.

"पथ्य चालू हाय ना?" हकिमांनी विचारलं.

"गुळाचा खडा घरात येऊ देत न्हाई. मी खाल्लं तर तिला वासना होईल, म्हणून मी बी सोडलं."

"काढा?"

"लई हट्टी हाय. आधी मी पेलाभर प्यालो तरच आत जाऊन पिते. कडूजहर हाय हो!"

"आन् चालणं?"

"रोज पहाटे देवीपर्यंत. एकटीला कशी धाडू? मी संगं जातो."

"मग तुमचे पाय बघू. तुमी लंगडलात तर बाईंना कोण नेणार?" हकिमांनी त्यांचे तळवे, बोटांच्या बेचक्या नीट निरखल्या. मग उजवा हात हातात घेतला. "महिनाभर यात खंड पडणार न्हाई, वचन द्या देशमुखसाब."

अर्जुनरावांनी वचन दिलं. हकीम दर खेपेला असंच वचन घेत आणि बराच वेळ हात सोडत नसत. एवढा जिव्हाळ्याचा माणूस निजामाच्या अख्ख्या मोगलाईत सापडायचा नाही, असं अर्जुनरावांना वाटे.

"घाबरू नका. बाई अजून दहा वर्षं ठणठणीत राहतील."

अर्जुनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला हकिमांचं घोडं आणवतो म्हणत ते बाहेर गेले. तोंड पुसून परत आले, तर पडद्यामागून बायकोचा आवाज आला. ते उंबऱ्याशीच थांबले.

"हकीमसाब, मला काय धाड भरलीय!" तुळजाबाई हळूच म्हणत होत्या. "ह्यांचा मधुमेह कितपत उतरला, ते सांगा."