समोरच्या दारचा बदाम

बारामतीतल्या बोळात सरूबाईनं दारापुढं बदामाचं झाड लावलं आणि समोरच्या ठमाबाईचं रोजचं भांडण ओढवून घेतलं. "पानं तुज्या झाडाची, अन् झाडायची मी? मुळासकट उपटून टाकीन एक दिस!" ठमाबाई ओरडायची. सरूबाई मुद्दाम आणखी एक घागर ओतायची.

शहाण्णवच्या चैत्रात त्या झाडाला पाणी घालतानाच सरूबाई कोसळली, ती उठलीच नाही. तेराव्यानंतर तिच्या नवऱ्यानं, मानसिंगनं, झाडाला थेंबभर पाणी दिलं नाही. यानंच तिला खाल्लं, मरू दे तडफडून, असं त्याला वाटायचं. वैशाख तापला, बोळातल्या कुंड्यासुद्धा वाळल्या, पण बदाम हिरवागारच.

एका सकाळी तो कुऱ्हाड घेऊनच बाहेर आला. बुंध्याशी ठमाबाई घागर ओतत होती.

"तुमी पाणी घालताय व्हय? तुमालाच उपटायचं हुतं न्हवं? घ्या ही कुऱ्हाड!"

ठमाबाईनं कुऱ्हाड हिसकावली आणि आपल्या अंगणात भिरकावली.



"भांडण तिचं नि माजं हाय, मानसिंगा. तू मधी पडू नगंस."