बुडालेल्या घरातला हंडा

"साधं यंत्र ओल्या खाऱ्या वाळूत उगाचच ओरडत राहतं, मावशी. समुद्रावर हेच चालतं," दुकानदार म्हणाला, म्हणून द्वारकाबाई मेथरांनी धातू शोधणारं भारीतलं यंत्र घेतलं.

समुद्रानं गाव गिळून अकरा वर्षं झाली होती. मोठ्या ओहोटीला त्यांच्या घराचं जोतं तासभर उघडं पडायचं. तिथे, चुलीच्या जागी, यंत्र वाजलं. बाईंनी हातांनी वाळू उपसली आणि तांब्याचा हंडा निघाला.

यंत्राचा कॅमेरा हंड्यावर फिरला आणि ते बोलू लागलं, "कोरलेलं नाव, द्वारका. बुडालेल्या जमिनीतला सर्व धातू बुडीत संपत्ती महामंडळाचा आहे. वस्तू होती तिथेच ठेवा. नोंद पाठवली आहे."

"अरे, द्वारका मीच!" बाई कडाडल्या. "माझ्याच चुलीपाशी मी चोर?"

यंत्रानं तेच पुन्हा ऐकवलं. ते जोत्यावर टाकून, हंडा कमरेवर घेऊन त्या भर दुपारी नव्या वस्तीतून सगळ्यांदेखत घरी गेल्या.

संध्याकाळी महामंडळाचे साहेब आले. हंडा दारातच होता, पाण्यानं भरलेला.

"हा आमचा आहे," साहेब म्हणाले.

"असेल," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमचं नाव कुठे कोरलंय, तेवढं दाखवा."

साहेब हंड्याभोवती वाकून बघत राहिले. तोवर अख्खी वस्ती दारात जमली होती.