लिफ्टचे चौदा दिवस

"अहो, ऐका. हे कुणाला सांगितलं तर पटायचं नाही," म्हातारी म्हणाली आणि तिथेच अडकली. पुढची थाप तयार नव्हती.

थापा मारणं हे त्या घरात म्हाताऱ्याचं खातं. चाळीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या आणि प्रत्येक लिफ्टमागे एक लोणकढी थाप घरी आणली. एक लिफ्ट म्हणे गच्ची ओलांडून ढगात शिरली आणि आतले सहाजण कुडकुडत खाली उतरले. दुसरीत एक जोडपं अडकलं, ते बाळ घेऊनच बाहेर पडलं. म्हातारी वजनमापं खात्यात निरीक्षक होती. दुकानदाराच्या तराजूतला चिमूटभर फरक तिला दारातून दिसायचा, तिथे नवऱ्याची काय कथा! "काहीतरीच!" ती म्हणायची. मग तो खूश. पकडलं गेल्याशिवाय त्याला थाप मारल्यासारखं वाटायचंच नाही.

साथीत तो सतरा दिवस इस्पितळात होता. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं ठीक, घसा ठीक, बोलायला काही हरकत नाही. पण तो बोलेचना. हो, नको, पाणी. विचारलंच तर दोन शब्द, आणि तेही खरे. दोन महिने घरात निव्वळ खरं ऐकून म्हातारीने धास्ती घेतली होती.

आज वर्षाचा पहिला दिवस. सकाळीच मुलाचा फोन आला. शुभेच्छा राहिल्या बाजूला, त्याने आधी विचारलं, "आई, बाबांनी काही फेकलं का गं?"

"नाही रे. चहा किती घेतलात विचारलं, तर अर्धा कप म्हणाले. मी जाऊन बघितलं. अर्धाच होता."

"अर्धाच?" मुलगा हबकला.

म्हणून तर म्हातारीने आता खुर्ची त्याच्यासमोर ओढली होती.

"तुम्ही तिकडे होतात ना, तेव्हा आपल्या लिफ्टचं डोकं फिरलं," तिने रेटलं. "एका वेळी एकच माणूस, अशी पाटी लावली होती तिच्यावर. लोक घाबरून जिन्यानेच जायचे. मग तीच निघाली माणसं शोधायला. मजल्यामजल्यावर थांबायची, दार उघडून वाट बघायची. आणि एकदा... एकदा चक्क खोकली."

म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला. सत्तर वर्षांतली तिची ही पहिलीच थाप.

"मग काय, बसली कमिटी. ठरलं, लिफ्टला चौदा दिवस वेगळं ठेवायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. बरोब्बर मध्ये हं, दोन्हीकडून एक मीटर सत्तेचाळीस सेंटिमीटर. चौथ्यावरच्या आजी जिन्यातून हाक मारायच्या, बरी आहेस का गं बाई? ती घंटा वाजवायची. एकदा वाजली तर बरं आहे. दोनदा वाजली तर कंटाळा आलाय."

खुर्चीच्या हातावर चाळा करणारा त्याचा अंगठा थांबला. बस, एवढंच. थाप सेंटिमीटरमध्ये मोजून मारायची नसते, हे सांगायलासुद्धा त्याने तोंड उघडलं नाही.

म्हातारीकडचा माल संपला. तशी ती घाईघाईने म्हणाली, "झालं. संपलं. बाकी मी इथे अगदी मजेत होते हो. वेळेवर जेवत होते, झोपत होते. फोन वाजला म्हणून कधी छातीत धस्स झालं नाही. एक दिवस म्हणून घाबरले नाही मी."

खुर्ची करकरली. म्हाताऱ्याने मान वळवली आणि तिच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लिफ्टचं पटलं," तो म्हणाला. "पण हे शेवटचं, बाईसाहेब, साफ खोटं!"