वगैरे

दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं, ते लिहून काढणं माझं काम. तीन आठवडे डॉक्टरांचं एकच पालुपद: "पेशंटचं नाव, वय, आजार, वगैरे." "वगैरे म्हणजे काय?" "अहो, वगैरे म्हणजे वगैरे. सिस्टरना विचारा." सिस्टर म्हणायच्या, "सगळं कार्डांवर आहे." कार्डं मी चारदा वाचली; नाव, वय, आजार, बाकी शून्य. शेवटी वैतागून मसुद्यातला 'वगैरे' लाल पेनाने खोडला आणि डॉक्टरांची सही घेतली. आज तीन हजार कार्डं स्कॅन करायला घेतली, तर सिस्टर गठ्ठ्याकडे बघतच राहिल्या. "कार्डांचे कोपरे कुठे गेले?" "कापले सगळ्यांचे. काही दुमडलेले होते, मशीनमध्ये अडकत होते." सिस्टरनी वरचं कार्ड उचलून कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "ज्यांना पेनिसिलिन चालत नाही, त्यांच्या कार्डाचा कोपरा दुमडतो आम्ही." "मग मला सांगायचं ना." "डॉक्टरांनी सांगितलं होतं की. वगैरे."