वादीची हरकत

"तारीख वाढवायची न्हाई म्हंजे न्हाई," उज्वलाबाईंनी टेबलावर हात आपटला. "लिवा, हरकत हाय."

वकील विशाखा मॅडमनं अर्ज पुढं ओढला. येत्या गुरुवारची तारीख पुढं ढकलावी, अशी भाडेकरूची विनंती होती. त्यावर घरमालकिणीचं म्हणणं लिहून द्यायचं होतं. अहमदपूरच्या कोर्टात त्याशिवाय पान हलत नसे.

"कारण तरी ऐका, बाई. प्रतिवादीच्या बायकोचं डोहाळजेवण आहे त्या दिवशी, किल्लारीला. शिवाय प्रतिवादी म्हणतो..."

"म्होरलं वाचू नका. म्हायती हाय मला समदं."

एकदा टेबलाशी बसलं की विशाखा मॅडम कुणाचंच नाव घेत नसे, नातंगोतंही काढत नसे. वादी आणि प्रतिवादी, बस्स.

उज्वलाबाईंना आठ दिवसांपासून ठाऊक होतं. हिरव्या साडीचं, फुलांच्या दागिन्यांचं बोलणं वरच्या मजल्यावरून जिन्यानं खाली येत होतं. पोटुशी शिल्पा दोनदा पायऱ्या उतरून दाराशी आली, तेव्हा यांनी आतून कडी घातली. कशाला यायचं? नवरा गेल्यापासून सात वर्षांत ओटी भरायचं ताट कुणी यांच्या हातात दिलं नव्हतं. दुरून बघायला बोलावत असतील, तर नकोच ते.

खरं सांगायचं तर बाई जळत होत्या. शिल्पा लग्न होऊन वरच्या खोल्यांत आली आणि तिच्या नवऱ्याचं, सत्यमचं, खाली थांबणंच सुटलं. त्याआधी बँकेतून आला की तो आधी इथं टेकायचा, चहा घ्यायचा, दिवसभराचं सांगायचं असायचं त्याला. आता बुटांचा आवाज थेट वर जायचा, आणि मग वरून हसणं. ते ऐकलं की या पुढ्यातलं ताट सारून उठत.

भाडेकरार सत्यमनंच करून घेतला होता, बँकेत घरभाडं दाखवायला. बाईंनी तोच लावून दावा ठोकला. खोल्या स्वतःच्या वापराला हव्यात म्हणे!

पण तारखेचा दिवस यांचा असे. ठेवणीतली साडी, केसांना मेंदी. सत्यम दारात मोटारसायकल उभी करी, या मागं बसत. वादी-प्रतिवादी एकाच गाडीवर येण्याचं तिथं कुणाला नवल नव्हतं. पुकारा होईपर्यंत दोघं एका बाकावर, मग एसटी स्टँडवर भजी. शिल्पा वर गॅलरीतून बघत राही. दीड वर्षात अशा अकरा तारखा झाल्या होत्या. आता बारावीही तिनं पळवली!

"मग दावाच मिटवू," विशाखा मॅडम म्हणाली. "प्रतिवादी खोल्या सोडायला तयार आहे. नांदेडला बदली मागतोय."

उज्वलाबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. "सोडायला कुणी सांगितलं त्याला?"

"दाव्यात आपणच मागितलंय."

"मागितलंय. पण दिलंच पाहिजे असं कुठं हाय? मला खोल्या नको. मला गुरुवार पाहिजे. समदं तिचंच करून राहिला त्यो. तिच्या हौसंपायी माझी तारीख का म्हणून जावी?"

डोळे भरून आले, ते त्यांनी पदरानं रागारागानं पुसले. विशाखा मॅडमनं पेनाचं टोपण काढलं.

"बरं, हरकत आहे, असं लिहिते. पण पूर्ण अर्ज वाचून दाखवल्याशिवाय मी सही घेत नाही."

आणि तिनं उरलेलं वाचलं: "सदर दिवशी वादी यांनीही किल्लारी येथे हजर राहणे आवश्यक आहे. वादी या माझ्या आई असून, पहिली ओटी सासूबाईंनीच भरावी, त्याशिवाय पाटावर बसणार नाही, असा माझ्या पत्नीचा हट्ट आहे."